पाय कुठे ठेवायचा, ते मूल ठरवते

१९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी लहान मुलांसाठी ‘बालगृह’ सुरू केले. साहित्य कपाटात असे आणि किल्ली वर्गाच्या बाईंकडे. एके दिवशी कुलूप लावायचे राहून गेले आणि बाईंना यायला थोडा उशीर झाला. येऊन पाहतात तो मुलांनी कपाट उघडलेले, काहीजण वस्तू घेऊन निघालेलीही. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना दिसले ते असे, की या मुलांना वस्तू नीट ओळखता येतात आणि आपल्याला कोणती हवी तेही कळते. मग मुलांच्या हाताला लागतील अशी बुटकी, उघडी कपाटे आली.

तीन-चार वर्षांच्या जिवाला निवड करता येते, हे एका विसरलेल्या कुलपामुळे लक्षात यावे, याचे मला फार नवल वाटते. आणि आपल्याकडे तर याच्याही पुढचे पाऊल पडले. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, सोबत अनुताई वाघ. माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, माती हेच साहित्य झाले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात जाऊन बसली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम करताना दिसले, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊच शकत नाहीत. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. त्या शाळेचे नाव कुरणशाळा. तिथे कपाट नाही, भिंतही नाही. हात पुढे केला की साहित्य.

शिंपल्याची गंमत अशी, की त्याचे काय करायचे हे शिंपल्यावर लिहिलेले नसते. तो मोजता येतो, ओळीत मांडता येतो, भातुकलीत ताट होतो, कानाला लावता येतो. १९७१ साली सायमन निकोल्सन यांनी हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला: भोवती हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी कल्पकतेला वाव जास्त. बोर्डीच्या अंगणात ते पंचवीस वर्षे आधीपासून चालू होते.

आता झाड घ्या. घसरगुंडीपाशी मुलाला ठरवायचे फार थोडे असते: जिना चढायचा, घसरायचे, पुन्हा रांगेत. आंब्यापाशी मात्र प्रत्येक वीत नवा प्रश्न विचारते. पहिला पाय कुठल्या बेचक्यात? ही फांदी ओली आहे का? उतरायचे कुठून? तळव्याचा स्पर्श, पंजाची पकड, पोटातली धाकधूक, सगळ्यांचा सल्ला घेऊन चार वर्षांचे पोर पाय उचलते आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. फांदी पेलते किंवा वाकते. शाबासकीची किंवा रागावण्याची मध्ये गरजच पडत नाही. आपल्या अंदाजाचा खरेखोटेपणा इतक्या लगेच, इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

नॉर्वेच्या अभ्यासक एलेन सॅन्डसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार २००७ साली मांडले: उंची, वेग, धारदार अवजारे, पाणी-विस्तवासारख्या जागा, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणे. यादी वाचून पालकाच्या पोटात गोळा येईल. पण मूल सहसा एकदम शेंड्यावर जात नाही. ते भीतीच्या काठापर्यंत जाते, थांबते, परत येते आणि पुन्हा थोडे पुढे जाते. किती पुढे, हे त्याने ठरवणे हाच त्या खेळाचा गाभा आहे.

म्हणून मोठ्यांनी नुसते बाजूला व्हावे, असे मात्र नाही. डेन्मार्क-जर्मनीतल्या जंगल-बालवाड्यांत शिक्षक मुलांना मोकळे सोडतात ते काही ठरवून. पायवाटेवर थांबायच्या जागा आधी ठरलेल्या असतात. तिथवर पळत जायचे, रेंगाळत जायचे की चिखलातून जायचे, हे मुलाचे. तिथला आणखी एक नियम मला अतिशय शहाणा वाटतो: स्वतः चढता येत नाही त्या फांदीवर मुलाला उचलून ठेवायचे नाही. जो आपल्या बळावर चढतो, त्याला चढतानाच उतरण्याची वाट कळत जाते. उचलून ठेवलेल्याला ती ठाऊकच नसते.

रोजच्या निवडी तर याहून लहान. चप्पल काढायची की ठेवायची, डबक्यात उतरायचे की काठाने जायचे, खेळात शिरायचे की नुसते बघत बसायचे. बघत बसणे हीसुद्धा निवडच, आणि आपण नेमकी तिथेच घाई करतो. ‘जा ना, तूही खेळ!’ कधीकधी त्या मुलाचे कामच बघण्याचे चाललेले असते. विचारायचेच असेल, तर जिथे दोन्ही उत्तरे आपल्याला खरोखर चालतील तिथेच विचारावे. ‘घरी जायचे का?’ असे विचारून ‘नाही’ ऐकल्यावर हात ओढणे हा मुलाच्या विश्वासावर घाव आहे.

आणि झाडाखाली उभे असताना ओठांवर ‘पडशील!’ येते, तेव्हा मुलाची नजर फांदीवरून सुटून आपल्याकडे वळते. त्याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवणार?’ असे विचारून पाहा. नजर फांदीवरच राहते आणि पाय जागा शोधू लागतो.