नव्वद पौंडांचं जॅकेट

माझ्या स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा अनारशांसाठी घेतलेला. गेली तीन वर्षं त्याच्यावर साखरेपेक्षा गॅसची नळकांडी जास्त चढली आहेत. पहिलं चढवलं त्या संध्याकाळी लेक समोर बसून टोस्ट खात होती. नळकांड्याच्या पोटावर त्याचं भरलेलं वजन छापलेलं असतं. काट्यावर त्याहून अकरा ग्रॅम कमी भरलं. काटा बंद करून पुन्हा लावला, तरी अकराच.

"म्हणजे काय?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे तुझं जॅकेट अर्धवट फुगणार."

ते जॅकेट आम्ही नव्वद पौंडांना घेतलं होतं. लेक घोडेस्वारी शिकते त्या तबेल्यातल्या फळ्यावर, जुनी खोगिरं आणि घोड्यांच्या झुली यांच्यामध्ये एक चिठ्ठी टोचलेली होती: एअर जॅकेट, मुलांचं, मोठा साइज, फारसं वापरलेलं नाही. नवं घ्यायला गेलं तर चारशे ते सहाशे पौंड पडतात. पोर वर्षा-दोन वर्षांत साइज बदलणार, मग नव्वद म्हणजे लॉटरीच, असं मला वाटलं. आमच्या घरात जुनी वस्तू घासाघीस करून आणल्याचा अभिमान पिढीजात आहे. माझ्या आईनं जुन्या बाजारातून आणलेलं शिलाई मशीन अजून चालतं. पण शिलाई मशीन बिघडलं तर ते शिवत नाही, एवढंच. हे जॅकेट बिघडलंय हे कळायची वेळ एकच, पोर हवेत असताना.

आम्ही राहतो इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये. बॅडमिंटन हाउस इथून लांब नाही. पुणेकरांना हे नाव ऐकून रॅकेट आठवते आणि ते बरोबरही आहे. खेळाचं नाव याच वाड्यावरून पडलं, आणि त्याआधी पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी खेळत त्या खेळाला 'पूना'च म्हणत. पण इथं बॅडमिंटन म्हटलं की लोकांना दिसतात घोडे. १९४९पासून या वाड्याच्या आवारात इव्हेंटिंगची, म्हणजे घोडेस्वारीची, मोठी स्पर्धा भरते. तीत क्रॉस-कंट्रीचा दिवस म्हणजे लाकडाचे ओंडके, खंदक, पाण्याचे डोह असं सगळं ओलांडत दौडायचं. यातल्या बहुतेक अडथळ्यांवरची काठी धक्का लागून पडत नाही, त्यामुळे घोड्याचा पाय अडकला तर घोडाच उलटतो. एअर जॅकेटं घोडेस्वारीत आली ती या भीतीपोटी. मोटरसायकलवाल्यांसाठी ती आधीच निघाली होती. २०१०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत केंटकीच्या स्पर्धेत ब्रिटिश स्वार ऑलिव्हर टाउनएंड घोड्यासकट उलटला आणि अंगातल्या एअर जॅकेटनं आपल्याला वाचवलं असं त्यानं सांगितलं. त्यानंतर तबेल्यातबेल्यातून ती दिसू लागली. तेव्हा विकत घेतलेली जॅकेटं आज पंधराएक वर्षांची झाली. फळ्यावरच्या चिठ्ठ्या त्यांच्याच.

जॅकेट दिसायला साधं असतं, बिनबाह्यांचं काळं कापडी. आत दुपदरी प्लास्टिकचा फुगा, मान, पाठ, छाती आणि कंबरेभोवती फिरवलेला. पोटाशी एक खटका, त्यात कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं. खटक्यातून निघालेली दोरी खोगिराला बांधलेल्या पट्ट्यात अडकवायची. स्वार खोगिरापासून लांब फेकला गेला की दोरी ताणते, खटक्यातली गोळी निसटते, स्प्रिंग सुटते, सुई नळकांड्याचं पातळ तोंड फोडते, आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात जॅकेट फुगून टणक होतं. दोरीला वीस-तीस किलोंची ओढ लागते, नुसत्या हिसक्यानं काही होत नाही. मग काही मिनिटांत हवा आपोआप उतरत जाते. नळकांडं बदलायचं, गोळी पुन्हा बसवायची, की जॅकेट पुन्हा तयार.

आणि एक, क्रॉस-कंट्रीला हे एकटं चालत नाही. आत फोमचं नेहमीचं संरक्षक जॅकेट लागतंच, तेही ठरलेल्या मानकाचं लेबल असलेलं. त्याचा खर्च वेगळा.

नळकांडं नवं घेतलं, बावीस पौंड. ते बसवताना जी एक गोष्ट शिकले ती कुठल्याही चिठ्ठीत लिहिलेली नव्हती. आधी स्प्रिंग दाबून गोळी खोबणीत बसवायची, सुई मागे गेली आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग नळकांडं फिरवायचं. क्रम उलटा झाला तर पुढे आलेली सुई नळकांडं तिथल्या तिथं फोडते आणि बावीस पौंड फुस्स होतात. आम्ही हे नीट केलं. दोन महिन्यांनी लेकीनं मात्र नेहमीची चूक केली. घोड्यावरून उतरताना दोरी सोडायला विसरली. इथला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो, आणि करणाऱ्याकडे बघून सगळे हसतात. मोठ्ठा फस्स आवाज झाला, घोडा दोन पावलं बाजूला उडाला, आणि आमची लेक हात पसरून बुजगावण्यासारखी उभी. नळकांड्याला हात लावला तर बर्फासारखं गार.

जॅकेट चालतं याचा पुरावाच मिळाला, असं वाटून मी खूश होते. तेवढ्यात लक्षात आलं की घोड्याचा लगाम धरून त्याला शांत करेपर्यंतच जॅकेट मऊ पडलंय. मान तर पार लोंबत होती. तबेला सांभाळणारी बाई लांबून म्हणाली, "फारच लवकर उतरलं ते. कधी सर्व्हिस केलं होतं?"

ते मी विकणारीला विचारलंच नव्हतं. फोन केला. तिनंही कुणाकडून तरी जुनंच घेतलेलं.

पुढचं नळकांडं, पुन्हा बावीस पौंड, मी आधीच मागवून बसले होते. मग जॅकेट घेऊन दीड तासाच्या अंतरावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. पोस्टानं पाठवता आलं असतं, पण भरलेलं नळकांडं काढूनच पाठवावं लागतं, आणि मला ते काम प्रत्यक्ष बघायचं होतं. साठीचा माणूस, पूर्वी बोटींवरची फुगणारी लाइफजॅकेटं दुरुस्त करायचा. यंत्र एकच, म्हणाला, फक्त तिकडे पाणी आणि इकडे घोडा.

त्यानं सगळ्यात आधी नळकांडं काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. मग आतल्या शिवणीतलं लेबल शोधलं, क्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष एका कागदावर उतरवलं. वर्ष बघून त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, पण बोलला नाही. बोटांनी एकेक शिवण चाचपली, चेन वर-खाली केली, बकला ओढून बघितल्या. दोरीच्या लवचीक भागावर अंगठा फिरवत थांबला. तिथं कापडी आवरण विरलं होतं. खटका उघडून सुईचं टोक भिंगाखाली धरलं, ती मात्र ठीक होती. रबराची बारीक कडी काढून फेकली आणि नवी घातली, काडीच्या टोकावर सिलिकॉनचं वंगण घेऊन. एवढ्या कामाला वीस मिनिटं.

मग फुग्याला नळी जोडून हवा भरली, दाब दाखवणाऱ्या काट्याचा आकडा कागदावर लिहिला आणि नळी बंद केली. "आता चहा," म्हणाला. अर्ध्या तासानं आकडा बघितला तर तो चांगलाच घसरलेला. त्यानं बाटलीतलं साबणाचं पाणी शिवणींवर फवारलं. मला एकदम साताऱ्यातला आमच्या पेठेतला पंक्चरवाला आठवला, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधणारा. इथंही बुडबुडेच. मानेच्या मागे, फुग्याचे दोन पदर जिथं तापवून चिकटवलेले असतात तिथं, साबुदाण्याएवढे बुडबुडे ओळीनं वर येत होते.

"ठिगळ लावता येईल?" मी विचारलं. सातारकराचा प्रश्न.

त्यानं मान हलवली. सायकलची ट्यूब सावकाश भरते. हा फुगा एका धक्क्यात भरतो, आणि तो धक्का बरोबर या जोडावर येतो. वर, प्लास्टिकच म्हातारं झालंय. हे पॉलियुरेथेन ओलसर हवेत वर्षानुवर्षं राहिलं की आतून तुटत जातं, बाहेरून मात्र नवंकोरं दिसतं. आधीच्या मालकानं ते गाडीच्या डिकीत ठेवलेलं असणार, असं तो म्हणाला. उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात ओली होणारी डिकी. या मॉडेलचा नवा फुगा कंपनीनं बनवणं बंद केलं होतं. कागदावर त्यानं 'नापास' लिहिलं, खाली तारीख आणि सही. पंचेचाळीस पौंड.

परतताना गाडीत हिशेब केला. नव्वद, बावीस, बावीस, पंचेचाळीस. एकशे एकोणऐंशी पौंड, पेट्रोल धरलं नाही. पाच महिन्यांत.

मग दुसरं घेतलं तेही जुनंच. स्वभाव जात नाही. पण या वेळी दोनशे साठ पौंडांना, आणि जॅकेटबरोबर आदल्या वर्षीचा सर्व्हिसचा कागद होता. त्यावर क्रमांक, वर्ष आणि दुरुस्तीवाल्याची सही. आज मला कुणी विचारलं तर मी म्हणेन की ते दोनशे साठ पौंड जॅकेटचे कमी आणि कागदाचे जास्त होते. लेकीनं ते दोन वर्षं वापरलं, आणि ते घरात सरळ हँगरवर टांगलं जायचं, कोरड्या जागी. एकदा खरोखर उघडलं, एका ओढ्याकाठी घोडा अडला आणि ती पुढे गेली तेव्हा. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. आतलं फोमचं जॅकेट की वरचा फुगा, श्रेय कुणाचं, मला ठरवता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या पडण्याच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१९मध्ये आला. त्यात एअर जॅकेट घातलेल्यांच्या गंभीर दुखापती कमी तर दिसल्या नाहीतच, उलट जास्त दिसल्या. असं का, याचं पक्कं उत्तर त्यातून निघत नाही. मी तो वाचून आठवडाभर अस्वस्थ होते, आणि जॅकेट घालायला लावतेच आहे.

ते दुसरं जॅकेट लहान झाल्यावर विकायला काढलं तेव्हा आधी पुन्हा सर्व्हिस करून घेतलं, पंचेचाळीस पौंड. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. विकणाऱ्यानं कशाला खर्च करायचा? इथं खाजगी व्यक्तीनं विकलेल्या वस्तूला दुकानासारखी हमी द्यावी लागत नाही. जसं वर्णन केलं तसं असलं की पुरे. पण मला 'फारसं वापरलेलं नाही' असं लिहायचं नव्हतं. तो खोटेपणा नसतो, पण त्यातून काहीच कळत नाही. न वापरलेलं जॅकेट डिकीत पाच वर्षं कुजलेलं असू शकतं.

आलेल्या फोनांपैकी जवळजवळ प्रत्येक आईनं एकच प्रश्न विचारला: "कधी उघडलंय का?" जणू उघडलेलं म्हणजे खरकटं. उघडून नीट पुन्हा भरलेलं जॅकेट चालतं हे तरी ठाऊक असतं. एकीनंच विचारलं, शेवटचं कुणी तपासलं, कधी, आणि फुगा किती वर्षांचा. तिलाच दिलं, एकशे नव्वदला. म्हणजे दोन वर्षांचा खर्च सत्तर, अधिक सर्व्हिसचे पंचेचाळीस. एकशे पंधरा, उघडल्यावर बदललेलं नळकांडं धरलं नाही. स्वस्तातलं जॅकेट याहून चौसष्ट पौंडांनी महाग पडलं होतं.

ते विकलं जाण्याआधी पुण्याहून चुलत बहिणीचा फोन आला. तिची मुलगी घोडेस्वारी शिकतेय. "तुमचं जुनं पडलंय ना, ते घेऊन ये दिवाळीला." विमानात हे नेता येतं, विमान कंपनीची परवानगी घेऊन, खटक्यात बसवलेली दोन नि जादाची दोन छोटी नळकांडी इथवर मुभा असते. पण एकदा उघडल्यावर त्याच मापाचं, त्याच आट्यांचं नळकांडं तिथं कुठून आणायचं, आणि मानेमागचे बुडबुडे कोण बघणार? नळकांड्याविना ते नुसतं जाकीट. तिला नाही म्हणाले, ती जरा रागावली.

पहिल्या, नापास जॅकेटलाही गिऱ्हाईक आलं होतं. तबेल्यातल्याच एका बाईनं चाळीस पौंड देऊ केले. "उड्या नाही मारणार गं, नुसतं रानातून फिरायला." तिला कागद दाखवला तरी ती तयार होती. चाळीस पौंडांनी माझा हिशेब जरा बरा दिसला असता.

पण घरी येऊन कात्रीनं दोरी कापली, मग मानेमागचा फुगा आरपार फाडला, आणि जॅकेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आगाऊ मागवलेलं नळकांडं दुसऱ्या जॅकेटला बसलं नाही, आटे वेगळे. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, ६० सीसीचं, न वापरलेलं. कुणाच्या जॅकेटला बसत असेल तर सांगा, वजन करून देईन.