मामांची पद्मिनी, दोन नवी सीलं आणि तरीही गळणारं तेल

एरवी आपण इथे फोनची बॅटरी, चार्जर, स्टोरेज असलं काही समजून घेतो. आजचा विषय जरा तेलकट आहे. फोन यातही आहेच, पण हातात पान्याच्या जोडीला.

परळीत माझ्या मामांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी जुन्या सिनेमात पाहिली असेल ना, तीच गाडी. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून बनायला लागली, पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा मामांनी ती बातमी मला फोनवर दोनदा पाठवली होती. एवढा जीव आहे गाडीवर.

तरीही मागच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "जाऊ दे रे, भंगारवाल्याला देऊन टाकू." कारण एकच. मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळत होतं. दोन वर्षांत दोनदा सील बदलून झालं होतं, पैसे गेले होते, आणि सकाळी अंगणातल्या फरशीवर डाग होताच. त्यात नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि गाडी तपासून घ्यावी लागते. खालून तेल टपकणारी गाडी तिथे न्यायची म्हणजे आधीच हरल्यासारखं.

मी म्हटलं, "मामा, मला दोन रविवार द्या."

आधी हे डिफरन्शियल काय असतं ते बघू. खळ्यावर मळणीचे बैल ओळीने फिरताना पाहिले असतील, नाहीतर आजोबांना विचारा. मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, सगळ्यात बाहेरच्याला मात्र पळावं लागतं. गाडी वळते तेव्हा तिच्या चाकांचं हेच होतं, बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडली तर एक चाक घासत ओढलं जाईल. म्हणून मागच्या ॲक्सलच्या मधोमध तो गोल फुगीर डबा असतो. पुढून इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टने येते, पिनियन नावाचा छोटा गिअर मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतो, आणि आतले गिअर ती ताकद दोन्ही चाकांना अशी देतात की वळणावर दोघांचा वेग वेगळा राहू शकतो. हे सगळं जाड गिअर ऑइलमध्ये बुडालेलं असतं. पिनियन जिथे डब्यातून बाहेर येतो तिथे एक रबरी कडं असतं, ते म्हणजे ऑइल सील. त्याची पातळ कड फिरत्या भागाला हलकेच टेकलेली असते आणि आत बारीक स्प्रिंग तिला दाबून धरते.

मी आधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. गळतंय ते नक्की काय आणि कुठून, हे पुठ्ठ्यावर स्वच्छ दिसतं. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा आला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग खातं. डाग चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण तिथलं सील गेलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं. अंबाजोगाईच्या घाटात तेल लागलेले ब्रेक कुणालाच नको. आमचा डाग बरोबर मध्ये होता, म्हणजे पिनियनचं सील.

यूट्यूबवर याच कामाचे व्हिडिओ शोधले तर बहुतेक परदेशी स्पोर्ट्स कारचे निघाले. जॅग्वार ई-टाइपचा पाहून तर घामच फुटला. तिचे मागचे ब्रेक चाकापाशी नसून डिफरन्शियलला चिकटून असतात. सील गळलं की तेल थेट ब्रेकच्या डिस्कवर, आणि ते नीट दुरुस्त करायचं तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवतात. त्यापुढे आपली पद्मिनी म्हणजे गरीब गाय.

पण त्यातल्या काही व्हिडिओंमध्ये एक गोष्ट मला खटकली. हवेच्या गनने नट खर्रकन सोडायचा, सील ठोकायचं, परत खर्रकन आवळायचा, झालं! हा नट चाकाच्या नटासारखा नाही. आतल्या बेअरिंगवर किती दाब राहणार हे तोच ठरवतो. कमी आवळला तर पिनियन हलतो आणि गिअर ओरडायला लागतात. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जातं. काही गाड्यांत आत दबणारी नळी असते, ती एकदा जास्त दबली की नट सैल करून परत येत नाही, नवीनच टाकावी लागते.

म्हणून सोडायच्या आधी मोजायचं. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागे जॅकने उचलून ॲक्सलखाली मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नका. आणि प्रोपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो, इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. हे मला शाफ्ट काढल्यावर सुचलं. दगड होते म्हणून बरं.

ब्रेकचा अडथळा येऊ नये म्हणून मागचे ड्रम काढले. मग फ्लँजला, म्हणजे पिनियनच्या तोंडावरच्या चकतीला, दोरी गुंडाळली आणि बॅग तोलायच्या डिजिटल काट्याने सावकाश ओढली. फिरत असताना काटा २.४ किलो दाखवत होता. तो आकडा, नटाबाहेर दिसणारे आटे, नट, फ्लँज आणि पिनियन तिन्हींवर मारलेली पांढऱ्या रंगाची रेघ, सगळ्याचे फोटो काढले. शाफ्ट आणि फ्लँजवरही खूण केली, नाहीतर शाफ्ट उलटा बसून गाडी थरथरू शकते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तेलाचे हात लागतातच.

आता मुख्य गोष्ट. फ्लँज बाहेर काढून पुसला आणि सील टेकतं त्या जागी नख फिरवलं. नख अडकलं. इतक्या वर्षांत तिथे खोबण पडली होती. नवीन सीलची कडही त्याच खोबणीत बसणार आणि गळणार. पण एवढ्यावर माझं समाधान झालं नाही, कारण मामा म्हणत होते की लांबच्या प्रवासानंतर जास्त गळतं. गाडी तापल्यावरच का?

उत्तर ॲक्सलच्या वर होतं. तिथे एक छोटी टोपी असते, ब्रीदर. आतली हवा तापली की तिला बाहेर जायला वाट. मला ती सापडेचना. फोनचा कॅमेरा आत सरकवून व्हिडिओ काढला तेव्हा दिसली, काळ्या डांबरासारख्या थराखाली. तीन वर्षांपूर्वी गंज लागू नये म्हणून एका गॅरेजमध्ये खालून कोटिंग मारून घेतलं होतं. मारणाऱ्याने टोपीसकट मारलं! त्यावर आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल वाळून दगड झालेला.

हिशोब साधा आहे. बंद डब्यातली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली की तिचा दाब साधारण १६ टक्के वाढतो. म्हणजे पावणेदोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा जास्तीचा दाब सीलच्या मागे उभा. त्यात तापलेलं तेल पातळ झालेलं आणि खाली खोबण. सील बिचारं काय करणार? दोन्ही वेळा सील बदलणाऱ्याने सील बरोबरच बसवलं असेल, पण वर कुणी पाहिलंच नाही.

ब्रीदर काढून रॉकेलमध्ये भिजवला, तोंडाने फुंकून हवा जातेय का पाहिलं (चव दिवसभर राहते). सील गाडीच्या पार्टच्या दुकानात मिळालं नाही. बेअरिंगच्या दुकानात जुन्या सीलवरचे आकडे सांगितले तर दोन मिनिटांत मिळालं. ३५-६२-१० असे तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमचे आकडे वेगळे असतील, फोटोच दाखवा.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, कडेला थोडं तेल लावून, आणि पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत. मी सील आधीपेक्षा दीड मिलिमीटर बाहेर ठेवलं, म्हणजे कड खोबण सोडून कोऱ्या धातूवर टेकते. खोबण फार खोल असेल तर फ्लँजवर पातळ बाही चढवतात किंवा फ्लँजच बदलतात. मग नट हळूहळू रेघेपर्यंत आणि किंचित पुढे, दर वेळी काटा लावून. शेवटी २.६ किलो आलं. नव्या सीलचं घर्षण धरता ते ठीक आहे.

तेल बदलणार असाल तर आधी भरायचं बूच सोडून बघा, मगच खालचं काढा. खालून सगळं तेल काढून बसलात आणि वरचं बूच गंजून अडकलं असेल तर गाडी तिथेच. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि भरायच्या भोकाच्या कडेपर्यंतच भरा. जास्त भरलं तरी गळतं.

पुढच्या रविवारी मामा आणि मी अंबाजोगाईला जाऊन आलो. घाट चढताना मामांनी रेडिओ बंद केला, मागून आवाज येतो का ऐकायला. रात्री परत पुठ्ठा ठेवला. सकाळी मामा माझ्याआधी उठून बॅटरी घेऊन गाडीखाली वाकलेले.

"एक थेंब आहे रे."

मी बोट लावून वास घेतला. काळा होता, गंधक नव्हतं. आणि पुठ्ठ्याच्या पुढच्या टोकाला होता, इंजिनाखाली.