पाण्याआधीची पायपीट

मराठवाड्यात मदतकार्याची तयारी करणारा कार्यकर्ता मे महिन्याच्या उन्हात हिंडतो. तेव्हा नद्या आटलेल्या असतात, पुलांच्या मोऱ्या उघड्या पडलेल्या असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं ठाणं पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, राज्य दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. तिथून बोटी घेऊन निघालेली गाडी मुखेडला किंवा निलंग्याला पोचेपर्यंत कितीतरी तास जातात. तोवर गावालाच निभवावं लागतं.

फेरी नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून सुरू होते. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात पूरप्रवण गावं, बोटी, जेसीबी, संपर्क क्रमांक असं सगळं असतं. पण प्रत्येक क्रमांक लावून पाहावा. बदल्या होतात, कागदावर जुनेच साहेब राहतात.

मग नदी. नांदेडला गोदावरी एकटी येत नाही. जायकवाडीचा विसर्ग, पूर्णेतून येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी आणि शहराच्या तोंडाशी विष्णुपुरी धरण. शहरात पावसाचा थेंब नसतानाही नांदेडचा नावघाट बुडू शकतो तो यामुळे. खाली धर्माबादकडे वेगळीच गत. बाभळी बंधाऱ्याचे 14 दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. तरी तेलंगणातलं श्रीरामसागर धरण भरलं की फुगवटा मागे सरकतो. मागच्या पुरात पाणी कुणाच्या ओट्यापर्यंत आलं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आणि भोयांना विचारावं. नकाशापेक्षा ही खूण पक्की.

लातूरला जायला लोहा-अहमदपूरचा रस्ता सरळ आहे. कार्यकर्ता मुद्दाम मुखेड, उदगीर, निलंगा असा वळसा घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव पाण्याने वेढली गेली आणि लष्कराला बोलवावं लागलं. या वाटेवरचा प्रत्येक नळकांडी पूल उतरून पाहायचा, कारण तो बुडाला की पलीकडच्या गावांना दुसरी वाट आहे का, हे आधीच ठरवायचं असतं.

निलंग्याहून औसा तालुक्यातलं किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. रिश्टर मापनावर सहाच्या थोडा वरचा भूकंपाचा धक्का, पण हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीच्या थरांचं माळवद. भिंत सुटली की सगळा भार झोपलेल्यांवर. अशी घरं अजून नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि 2024 मध्ये शेजारच्या हिंगोलीत दोनदा 4.5 चे धक्के बसले. माळवदाला भूकंपच लागतो असंही नाही. झडीच्या पावसात माती पाणी पिते, वजन वाढतं, भिंतीला पोट येतं. म्हणून गावात शिरल्यावर कार्यकर्त्याची नजर आधी भिंतींवर जाते. अशा घरातली माणसं रात्री कुठे हलवायची, शाळेत की समाजमंदिरात, आणि किल्ली कुणाकडे, हे पोलीस पाटलासमोर लिहून घ्यायचं.

भूकंपानंतर किल्लारीला मदतीच्या आणि बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते. त्यामुळे माल कुठे उतरवायचा आणि नोंद कोण ठेवणार, हेही मे महिन्यातच ठरायला हवं. जुने कपडे कुणी देऊ केले तर हात जोडून नको म्हणावं. ते निवडण्यातच माणसं अडकतात. शिजवलेल्या अन्नासाठी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरशी आधी बोलून ठेवावं.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. तो आणि आपल्या पोलीस पाटलाचा नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.