सात आले, म्हणजे संपले?

प्रयोगशाळेत पीएच सेन्सर आल्यापासून एक प्रश्न सारखा कानावर पडतो: "सर, सात आले. थांबू?" बीकरमध्ये व्हिनेगर, ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, पडद्यावर ७.०० आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. थांबू नकोस बाबा, आम्ल अजून शिल्लक आहे.

घोळ सुरू होतो तो एका शब्दापासून. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेला आपण उदासिनीकरण म्हणतो, आणि उदासीन म्हणजे सात हे शाळेपासून पाठ असते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा असे दोन्ही गडी तीव्र असले, तर ते खरेही ठरते. मागे नुसते मिठाचे पाणी उरते, आणि मीठ कुणाची बाजू घेत नाही. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल मात्र सौम्य. ते पुरते संपले की मागे सोडियम ॲसेटेट राहते. त्यातले ॲसेटेट पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन हिसकावते आणि द्रावण आम्लारीधर्मी होते. दोन्ही द्रावणे ०.१ मोलर असतील, तर खरा शेवट येतो ८.७ च्या आसपास. सातवर थांबलात, तर २५ मिलीला दोन-तीन थेंब कमी पडतात.

"तीन थेंबच ना?" असे म्हणणाऱ्यांसाठी कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर घ्या. बोरिक आम्ल इतके दुबळे, की जिथे २५ मिली सोडा लागायला हवा, तिथे मीटर तीनेक थेंबांतच सात दाखवतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने त्या पाण्यात आम्ल जवळजवळ नाहीच! फॉस्फोरिक आम्लाचा पीएच दोनदा उसळतो, ४.७ आणि ९.७ च्या जवळपास. सात हा त्या दोहोंच्या मधल्या सपाटीवरचा एक आकडा, बाकी काही नाही.

माझ्यावर विश्वास नसेल, तर फळांच्या व भाज्यांच्या पदार्थांची आम्लता मोजण्याचे आयएसओ ७५० हे मानक पाहा. मीटर ८.१ दाखवेपर्यंत सोडा घालायचा, असे तिथे सांगितले आहे. खरे तर मानकापर्यंत जायचीही गरज नाही. सेन्सर नव्हते तेव्हा आपल्या गुरुजींनी अशा टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलीनच का निवडले? ते तर ८.२ पर्यंत रंगच दाखवत नाही. शेवट सातला होत असता, तर त्याला कुणी हात लावला असता?

मग थांबायचे कुठे? थांबायचेच नाही, पुढे जायचे. आकड्याची वाट न पाहता चढ शोधायचा. वरच्याच व्हिनेगरच्या उदाहरणात २४.९० मिलीला पीएच ७.२, २५.०० ला ८.७ आणि २५.१० ला १०.३ येतो. चार थेंबांत तीन एककांची उडी! पीएच चढू लागला की एकेक थेंब टाका, उडी ओलांडून दोन-तीन मिली पुढे जा आणि आलेख काढा. जिथे तो सर्वांत उभा, तिथला ब्युरेटचा आकडा घ्या.

आता उरलेले गैरसमज झटपट. सेन्सरला पीएच कळतो? छे, त्याला कळतात मिलीव्होल्ट. २५ अंश सेल्सिअसला एका एककाला सुमारे ५९. म्हणून तर बफरमध्ये बुडवून त्याला आधी शिकवावे लागते, आणि ते शिक्षण एकदाच करून भागत नाही. पडद्यावर तीन दशांश दिसले म्हणून उत्तर तितके अचूक होत नाही. ब्युरेट वाचताना तिरपे पाहिलेत, तर सेन्सर काय करणार? काचेचा फुगा बुडावा म्हणून बीकरमध्ये थोडे पाणी घातले, तर उत्तर बिघडत नाही. पिपेटने घेतलेले आम्ल तेवढेच राहते. तापमानाची दुरुस्ती आपोआप होते ती इलेक्ट्रोडची, द्रावणाची नव्हे: ६० अंशांना शुद्ध पाण्याचाच पीएच ६.५ असतो, तरी ते उदासीनच.

आणि काम झाल्यावर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचा नसतो. त्याच्या आतले क्षार हळूहळू पाण्यात निघून जातात आणि वाचन डळमळू लागते. तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. पाण्यात उभा केलेला इलेक्ट्रोड दिसला, की मी आधी बाटली उचलतो आणि मग बोलतो.