वेशांतर फसवतं कुणाला?

धानाची मळणी आटोपली, की भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं ते पार पहाटेपर्यंत. भाऊबंदकी, हिस्सेवाटणी, रडूनरडून डोळे सुजवणारे प्रसंग आणि मध्येच हसवून लोळवणारं विनोदी पात्र, असा सगळा ऐवज. त्याआधीपासूनची इथली दंडार ही लोककला तर पुरुषांनीच लुगडी नेसून गाजवलेली. म्हणूनच इंग्लंडमधल्या एका ‘मावशी’ची गोष्ट या मातीला परकी वाटणार नाही.

ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आन्ट’ 1892 साली रंगमंचावर आलं. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपापल्या प्रेयसींना घरी बोलवायचंय. पण घरात वडीलधारी बाई हवी. ब्राझीलहून येणारी, त्यांच्यातल्या चार्लीची श्रीमंत विधवा मावशी वेळेवर पोचत नाही. मग मित्रालाच झगा चढवतात! मुलींचा पालक स्पेटिग्यू या मावशीवर, म्हणजे तिच्या नवऱ्यामागे मिळालेल्या इस्टेटीवर, असा भाळतो की तिनं चहा थेट त्याच्या हॅटमध्ये ओतला तरी त्याची लाळ आटत नाही.

गंमत पुढे आहे. खरी मावशी येते, पण नाव लपवून! आपलं सोंग घेतलेला पोरगा ती समोर बसून न्याहाळते. एकाच दिवाणखान्यात दोन लपलेली माणसं, आणि दोन्ही गुपितं प्रेक्षकाला ठाऊक.

विचार करा, झगा घातलेल्या पोरानं आपण क्षणभरही फसत नाही. फसतो तो स्पेटिग्यू. त्याला बाई दिसतच नाही, दिसतो तो पैसा. या एवढ्याशा किल्लीवर लंडनमध्ये सलग 1,466 प्रयोग झाले. 1940 साली आर्थर अॅस्कीला घेऊन त्यावर ब्रिटिश विनोदी चित्रपट निघाला. आचार्य अत्र्यांनी या नाटकाचीच ‘मोरूची मावशी’ केली आणि पुढे विजय चव्हाणांनी ती घराघरांत पोचवली.

विनोदाचं हे यंत्र भाषा बदलली तरी चालतं, कारण वारशाकडे डोळे लावून बसलेला माणूस सगळीकडे सारखाच. यंदा शंकरपटाला गेलात तर रात्रीच्या नाटकालाही थांबा. एखादं सोंग निघालं, की त्याच्या वेशापेक्षा फसणाऱ्याच्या हावेकडे नीट बघा. खरा विनोद तिथंच असतो.