स्वस्त मोडेम घ्यावा काय?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील एक लहानशी पांढरी पेटी घेऊन भेटावयास आले. बाहेरगावच्या बाजारातून त्यांनी हा मोडेम 1,200 रुपयांना आणला होता. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज इंटरनेटवरून भरावयाचा होता आणि मुदतीला आठच दिवस उरले होते. "सर, चार दिवस झाले, दिवा काही लागत नाही. पैसे पाण्यात गेले म्हणायचे का?" त्यांनी विचारले. भात नि सुपारीवर चालणाऱ्या घरात बाराशे रुपये ही काही हसण्यावारी नेण्याजोगी रक्कम नव्हे. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

मोडेम म्हणजे दुभाषी. आपल्या जोयडा तालुक्यातील मुलांना दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. कचेरीतील कागद कानडीत, घरातील बोलणे मराठीत किंवा कोंकणीत. मध्ये कोणी दोन्ही जाणणारा असल्यावाचून काम पुढे सरकत नाही. संगणकाला केवळ शून्य आणि एक हे दोन अंक कळतात. उलट, जुनी दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे सेकंदाला सुमारे 300 ते 3,400 कंपनांसाठी योजलेली. अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा तो मॉड्युलेटर आणि ध्वनीचे पुन्हा अंक करणारा तो डिमॉड्युलेटर. या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून मोडेम हे नाव झाले. अमेरिकेत 1962 मध्ये बाजारात आलेला बेल कंपनीचा मोडेम सेकंदाला 300 अंक पाठवीत असे. आजच्या मोबाइलवरील एक मेगाबाइटचे छायाचित्र त्या वेगाने पाठवावयाचे तर सात तासांहून अधिक वेळ लागेल. 1998 च्या सुमारास हा वेग 56,000 अंकांवर आला. तेच छायाचित्र आता अडीच मिनिटांत येऊ शकले. (गणिताच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. एका मेगाबाइटचे सुमारे 80 लक्ष अंक होतात.)

स्वस्त मोडेमचा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे. त्या काळी काही कारखानदारांनी मोडेममधील निम्मे भाग काढून टाकले आणि त्यांचे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर लादले. किंमत उतरली खरी, पण जुना, मंद संगणक या ओझ्याखाली वाकून जाई, आणि विंडोज सोडून अन्य प्रणालीवर असा मोडेम बहुधा चालतच नसे. ज्याच्याकडे वेगवान संगणक होता त्याचे मात्र काही बिघडले नाही. त्याला तो सौदा चांगलाच पडला. म्हणजे वस्तू स्वस्त का झाली, तिच्यातून काय काढले, हे आधी विचारावयास हवे.

आता मोडेमचेही प्रकार झाले आहेत. तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड आपल्या देशात 2005 पासून पसरले. त्यात वेग अंतराबरोबर घटतो. दूरध्वनी केंद्रापासून पाच किलोमीटरपलीकडे कितीही महाग मोडेम लावला तरी फारसे हाती लागत नाही. रानात विखुरलेल्या आपल्या वाड्यांना त्याचा लाभ थोडाच झाला. आज बहुतेक ठिकाणी त्या तारेची जागा काचतंतूने घेतली आहे. तेव्हा कोणी जुना तारेचा मोडेम दोनशे रुपयांत देऊ केला तरी घेऊ नये. काचतंतूच्या टोकाला बसणारी पेटी प्रकाशाचे विजेत रूपांतर करते. तिची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे व्हावी लागते, म्हणून ती कंपनीला विचारल्यावाचून बाजारातून आणणे व्यर्थ. ज्या घरी काचतंतू आला आहे तेथे घरात वाय-फाय पसरविण्यासाठी साधा, स्वस्त राउटर पुरतो. मासिक योजनाच सेकंदाला 30 मेगाबिटची असेल तर पेटीवर छापलेला 1,200 चा आकडा काय कामाचा?

आपल्याकडील बहुसंख्य घरांत मात्र तंतू नाही, आणि त्यांना सिमकार्डाच्या मोडेमवर विसंबावे लागते. स्वस्ताईची खरी परीक्षा येथे आहे. मोबाइलच्या लहरी निरनिराळ्या पट्ट्यांतून येतात. भारतात 4जी साठी 700, 850, 900, 1,800, 2,100 आणि 2,300 मेगाहर्ट्झ हे पट्टे वापरात आहेत. 700 ची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब, तर 2,300 ची जेमतेम 13. लांब लहर दूर जाते, झाडांतून नि भिंतींतून अधिक चांगली पार होते. आखूड लहर पावसाने भिजलेल्या पानांत विरून जाते. काळीच्या खोऱ्यातील दाट जंगलात हा फरक पुस्तकी राहत नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुले पुस्तके घेऊन टेकड्यांवर जात होती, ती हौसेने नव्हे.

स्वस्त मोडेममध्ये सगळे पट्टे असतीलच असे नाही. खोक्यावर 28 हा क्रमांक असला तर 700 चा पट्टा आहे असे समजावे. 5 म्हणजे 850, 8 म्हणजे 900, 3 म्हणजे 1,800, 1 म्हणजे 2,100 आणि 40 म्हणजे 2,300. भारत संचार निगमची 4जी 700 व 2,100 वर आहे, जिओची 850, 1,800 व 2,300 वर. आपल्या वाडीवर कोणाची लहर पोहोचते ते शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून आधी पाहावे. बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असलेल्या मोडेमला दोनतीनशे रुपये अधिक पडले तरी ते आमच्या मते सार्थकी लागतात. फक्त 3जी चालणारे जुने डोंगल मात्र फुकटही नको. एअरटेलने तर 3जी सेवा 2020 मध्येच बंद केली.

आणखी एक गोष्ट. जुलै 2017 मध्ये देशातील हजारो मोडेम एका घातक संगणक-प्रणालीने निकामी केले, कारण त्यांचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता. मोडेम स्वस्त असो वा महाग, हा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. तसेच वळवाच्या विजा कडाडू लागल्या की त्याची विजेची पिन काढून ठेवावी. माझा स्वतःचा एक मोडेम असाच मे महिन्यातील एका संध्याकाळी जळाला.

त्या गृहस्थांच्या पेटीवरील क्रमांक आम्ही भिंगाने वाचले. 3 होता, 40 होता, 28 नव्हता. त्यांच्या वाडीवर तर 700 चीच लहर तेवढी पोहोचत होती. दुभाषी चांगला, पण समोरच्याची भाषाच त्याला अवगत नाही, अशातला प्रकार! त्यांच्या खिशातील मोबाइलमध्ये मात्र तो पट्टा होता, आणि मोबाइल हाही एक मोडेमच असतो. तो पोटमाळ्याच्या खिडकीत ठेवून त्याचे हॉटस्पॉट चालू केले, शेजाऱ्यांकडून संगणक मागून आणला, आणि मुदत संपण्याच्या आदल्या रात्री मुलीने अर्ज भरला.