दुःखाचीं इंग्रजी नांवें



माझ्या परिचयाच्या दोन घरांत घडलेल्या दोन लहानशा हकीकती आरंभीं सांगतों. पहिल्या घरांतील मुलगा शिक्षणासाठीं इंग्लंडला गेला. महिन्याभरांत त्याचा निरोप आला, कीं आपल्याला 'डिप्रेशन' आलें आहे. आईनें अन्न टाकलें, वडील विमानाच्या तिकिटाची चौकशी करूं लागले. पुढें आईनेंच खोदखोदून विचारलें तेव्हां कळलें, कीं तेथल्या पावसाळी थंडींत त्याला घरची आठवण येत होती आणि रविवारीं जेवायला सोबत मिळत नव्हती. त्याला म्हणावयाचें होतें 'होमसिक'. दुसऱ्या घरांतील मुलगा मुंबईंतच एका कचेरींत नोकरीला होता. तो सहा महिने सांगत होता, "कांहीं नाहीं, जरा अपसेट आहें." घरच्यांनीं त्यांतला 'जरा' तेवढा ऐकला. त्याची झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती, आणि उद्यांचा दिवस उजाडूं नये असें त्याला वाटत होतें. एका मित्राला शंका आली, त्यानें त्याला डॉक्टरांकडे नेलें, म्हणूनच पुढचा प्रसंग टळला.

एकानें लहान दुःखाला मोठें नांव दिलें, दुसऱ्यानें मोठ्या दुःखाला लहान. मनांतली कळ सांगतांना आपण सुशिक्षित माणसें हटकून इंग्रजीकडे वळतों. परक्या भाषेंत बोललें कीं संकोच कमी वाटतो, हें त्याचें एक कारण असावें. परंतु ती भाषा या बाबतींत जितकी श्रीमंत आहे, तितकेच आपण तिच्याकडून उसनें घेण्यांत कृपण आहों. 'टेन्शन', 'बोअर', 'अपसेट' आणि 'डिप्रेशन' या चार नाण्यांवर आपला सारा व्यवहार चालतो. आज तिच्या पेटींतलीं आणखी कांहीं नाणीं काढून त्यांचें वजन पाहूं.

हे शब्द मूळचे आले कोठून? त्यांतले पुष्कळसे शरीराच्या अनुभवांतून आले आहेत. काळजी या अर्थाचा 'वरी' हा शब्द जुन्या इंग्रजींत गळा आवळण्याचा वाचक होता. कुत्रा मेंढीला मानगुटीस धरून झिंजाडतो त्या क्रियेलाही इंग्रज 'वरी' म्हणतो. चिंतेचा वाचक 'अँग्झायटी' हा शब्द आवळणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला. राग या अर्थाचा 'अँगर' उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ क्लेश असा होता. या दोहोंचें मूळ एक, आणि तें अरुंदपणाचें. वेदांतला 'अंहस्' त्यांचाच भाऊबंद आहे. आपला 'संकट' हा शब्द वेगळ्या कुळांतला. पण संस्कृतांत त्याचाही एक अर्थ अरुंद असाच आहे. शोकाचा वाचक 'ग्रीफ' हा जड या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, आणि त्या लॅटिन शब्दाचा संस्कृत भाऊ म्हणजे 'गुरु'. पश्चात्तापाचा 'रिमोर्स' म्हणजे अक्षरशः पुन्हा चावणें. छाती आवळते, अंग जड होतें, आंतून कांहीं कुरतडत राहतें, हें माणसानें आधीं अनुभविलें आणि मग त्याचे शब्द झाले.

आतां कांहीं जोड्या पाहूं. प्रथम राग घ्या. कानाशीं डास गुणगुणला किंवा शेजारचा रेडिओ मोठ्यानें लागला, तर जें होतें तें 'अनॉयन्स'. रात्रीं झोप लागली कीं सकाळीं तें उरत नाहीं. 'रिझेंटमेंट'ची गोष्ट निराळी. या शब्दाच्या पोटांत 'पुन्हा जाणवणें' हा अर्थ आहे. वाटणीच्या वेळीं थोरल्यानें केलेला अपमान धाकटा वीस वर्षें गिळून बसतो आणि प्रत्येक लग्नकार्यांत त्याला तो नव्यानें बोचतो, ही 'रिझेंटमेंट'. ती झोपेनें जात नाहीं. कोणीतरी समोरासमोर बसून बोलावें लागतें. तिसरा शब्द 'इंडिग्नेशन'. हा अन्याय पाहून येणारा संताप असून तो दुसऱ्यासाठींही येऊं शकतो. निरपराध माणसाला मार बसतांना पाहून ज्याचें रक्त उसळतें त्याला "शांत व्हा" म्हणणें बरें नव्हे. त्याला वाचा आणि वाट मिळाली पाहिजे. एकट्या 'राग' या शब्दांत हे तिन्ही बसतात. पण तिघांचा उपाय एक नाहीं.

दुसरी जोडी 'एन्व्ही' आणि 'जेलसी' यांची. दुसऱ्याजवळ आहे तें आपल्याजवळ नाहीं म्हणून जळणें ही 'एन्व्ही', म्हणजे आपला हेवा. तिला दोनच माणसें लागतात. आपल्याजवळ आहे तें तिसरा नेईल या भयानें जळणें ही 'जेलसी'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकांत दोन्ही शेजारीं शेजारीं आहेत. देवलांच्या 'झुंजारराव'मुळें तें कथानक मराठी रसिकांना परिचित आहे. मोठा हुद्दा कॅशिओला मिळाला म्हणून इयागो जळतो, ती 'एन्व्ही'. पत्नी कॅशिओची झाली या संशयानें ऑथेल्लो जळतो, ती 'जेलसी'. खुद्द इंग्रजही रोजच्या बोलण्यांत हेव्याला 'जेलस' म्हणून मोकळा होतो. परंतु घरांत धाकटें भावंड आल्यावर थोरलें मूल हट्टी होतें, तेव्हां हा भेद आईबापांनीं ओळखावा. त्याला बाळाचें खेळणें नको असतें, हातची आई जाईल ही भीती असते. नवें खेळणें आणून ती भीती कशी जाईल?

मुलांच्या संबंधांतली आणखी एक जोडी 'गिल्ट' आणि 'शेम' यांची. मुलगा खोटें बोलला. "हें तूं वाईट केलेंस" असें म्हटलें तर त्याला कृत्याची टोंचणी लागते, ती 'गिल्ट'. "तूं खोटारडाच आहेस" असें म्हटलें तर त्याला स्वतःचीच लाज वाटूं लागते, ती 'शेम'. टोंचणी लागलेला माणूस क्षमा मागतो, नुकसान भरून देऊं पाहतो. लाजेनें काळवंडलेला माणूस तोंड लपवितो, आणि पुढच्या वेळीं अधिक सफाईनें खोटें बोलतो.

चौथी जोडी सर्वांत महत्त्वाची. मराठींत आपण 'निराशा' हा एकच शब्द दोन अवस्थांना लावतों. परीक्षेंत अपेक्षेप्रमाणें गुण पडले नाहींत, ही 'डिसअपॉइंटमेंट'. या शब्दाचा मूळ अर्थ नेमणुकीवरून दूर करणें असा होता. एक जागा गेली, दुसरी मिळूं शकते. 'डिस्पेअर' म्हणजे आशाच सुटणें. तेथें कोणतीच जागा उरलेली दिसत नाहीं. पहिलीला धीर पुरतो. दुसरींत असलेल्या माणसाला मात्र एकटें सोडूं नये.

येथें 'डिप्रेशन'कडे परत येऊं. पूर्वीं या आजाराला 'मेलँकोली' म्हणत. ग्रीक वैद्यकाप्रमाणें तो काळ्या पित्ताचा विकार होता, आणि १६२१ सालीं रॉबर्ट बर्टननें त्यावर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत अडॉल्फ मायर या मनोवैद्यानें 'डिप्रेशन' हें नांव पुरस्कारिलें. अमेरिकन कादंबरीकार विल्यम स्टायरन स्वतः या आजारांतून मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला होता. १९९० सालच्या 'डार्कनेस व्हिजिबल' या पुस्तकांत त्यानें तक्रार केली, कीं बाजाराच्या मंदीला आणि जमिनीवरच्या खळग्याला लागणारा हा गुळगुळीत शब्द एवढ्या भयंकर रोगाला अगदीं अपुरा आहे. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाही हा शब्द फसवितो. म्हणून डॉक्टर केवळ शब्दावर विसंबत नाहींत. खिन्नता किंवा कशांतच गोडी न वाटणें दोन आठवडे वा अधिक दिवस, बहुतेक सारा वेळ टिकलें आहे काय, झोप आणि भूक कशी आहे, जगणें नकोसें वाटतें काय, हें ते विचारतात. हे प्रश्न घरच्या माणसांनींही विचारावे, आणि उत्तरें वाईट आलीं तर डॉक्टर गांठण्यास विलंब करूं नये.

नेमक्या नांवाचा उपयोग कांहीं अंशीं प्रयोगानेंही दिसला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांत केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. संतप्त व भयभीत चेहऱ्यांचीं चित्रें पाहतांना त्या भावनेचें नांव निवडावयास सांगितलें, तेव्हां मेंदूंतील 'अमिग्डला' हा भयाशीं निगडित भाग कमी चेतला. नांवानें रोग बरा होतो असा याचा अर्थ नव्हे; पण गोंधळलेल्या मनाला तेवढा आधार मिळतो.

आणि तें नांव इंग्रजीच असलें पाहिजे असें थोडेंच आहे? 'हुरहुर', 'रुखरुख', 'चुटपुट', 'तळमळ', 'उद्वेग' हे शब्द आपल्या आजीच्या तोंडीं होते. 'रुखरुख' एका इंग्रजी शब्दांत सांगून पाहा, म्हणजे आपल्याही घरीं काय ठेव आहे तें कळेल. तेव्हां यापुढें घरांतलें कोणी "अपसेट आहें" म्हणालें, तर त्या शब्दावर थांबूं नका. जवळ बसून आपल्या भाषेंत विचारा, "म्हणजे नक्की काय होतें आहे?" पहिल्या घरांत आईनें हा प्रश्न विचारला आणि तिकिटाचे पैसे वांचले. दुसऱ्या घरांत तो विचारायला सहा महिन्यांनीं एक मित्र यावा लागला.